चादरी बाहेर धुतल्या म्हणजे कामगार लुटला?

दोन आठवडे साताऱ्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "पाचगणी-महाबळेश्वरच्या हॉटेलांनी धुणं, वॉचमन, साफसफाई सगळं कंत्राटावर दिलंय. पैसे वाचवायचे, पीएफ बुडवायचा. उद्या स्वयंपाकघरही देतील." मी पाचगणीत २२ खोल्यांच्या हॉटेलचे हिशेब लिहितो, म्हणून बोलतो.

आधी धुणं. एका खोलीत चादर, रजईची खोळ, चार अभ्रे, दोन टॉवेल, दोन नॅपकिन, एक पायपुसणं. अकरा नग. हॉटेल भरलं की २४२. जुलैत आमच्याकडे धुकं खिडकीतून आत येतं. दोरीवरचा टॉवेल चौथ्या दिवशीही ओला, वर कुबट वास. ड्रायर घ्यावा, तर त्याच महिन्यात खोल्या निम्म्या रिकाम्या. शिवाय २००१ पासून हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. साबणाचं पाणी सोडायचं कुठं? म्हणून गाठोडी पसरणी घाटातून वाईला उतरतात. तिथल्या लाँड्रीच्या यंत्रावर बऱ्याच हॉटेलांचं धुणं पडतं, त्यामुळे लाँड्रीवाल्याला परवडतं.

"पैसे वाचतात." कसले? वॉचमनच्या एजन्सीच्या बिलात पगार, पीएफ, त्यांचं कमिशन, वर १८ टक्के जीएसटी. सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर लागतो, पण भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही. ते १८ टक्के आमच्याच खिशातून जातात. तरी घेतो, कारण वॉचमन न सांगता गावी गेला तर रात्री अकराला बदली माणूस पाठवणं त्यांच्या गळ्यात. आणि मे महिन्यात सहा माणसं जास्त लागतात, ती जूनमध्ये नको असतात.

नको झालेला तो पोरगा पावसाळाभर घरी बसतो, हे मात्र खरं. मेसेजवाल्याने हे लिहायला हवं होतं.

पीएफचा मुद्दाही झटकणार नाही. एका ठेकेदाराने आमच्याकडून पैसे घेऊन दोन महिने पीएफ भरलाच नव्हता. पण त्यामुळे हॉटेल सुटत नाही. ठेकेदाराने पगार किंवा पीएफ थकवला तर जबाबदारी मूळ मालकावर येते. तेव्हापासून पीएफ भरल्याचं चलन पाहिल्याशिवाय मी बिल पास करत नाही.

राहिलं स्वयंपाकघर. आमचं आमच्याच हातात आहे. पण "उद्या देतील" वाचून हसू आलं. जुने लॉज आठवा: चादरी परीट सायकलवर न्यायचा, आणि खालचं हॉटेल शेट्टींना चालवायला दिलेलं असायचं. तिथला डोसा खाताना कंत्राट कुणाचं, हे कुणी विचारलं नव्हतं.