"वरून आदेश होता" हे कंपन्यांनी आता सांगू नये

आज पानठेल्यावर बांगलादेशचा विषय निघाला, तर एक चांगला शिकलेला माणूस म्हणतो, "सरकारनं सांगतलं तर कंपनी नेट बंद करीनच ना भाऊ, तिचा काय दोष?" तेव्हापासून डोकं तापलंय.

माझी भाची ढाक्याला एमबीबीएसला होती. जुलै २०२४ मध्ये तिथल्या पोरांचं आरक्षणाविरुद्धचं आंदोलन पेटलं, गोळीबार झाला आणि हसीना सरकारनं इंटरनेट बंद केलं. इकडे वरुडकडे सोयाबीनमध्ये निंदण सुरू होतं. ताईनं बायांना परत पाठवलं अन् ओसरीत फोन घेऊन बसली. व्हॉट्सॲपवर एकच टिक. साधा फोनही लागेना. टीव्हीवर मात्र जळत्या गाड्या. ज्याचं लेकरू तिकडे अडकलं नाही, त्यानं खुशाल विचारावं दोष काय म्हणून!

जानेवारी २०११ मध्ये इजिप्तमध्ये मुबारक सरकारचा आदेश आला आणि व्होडाफोनसकट सगळ्यांनी मोबाईल सेवा बंद केली. पुन्हा सुरू झाली तर त्याच नेटवर्कवरून सरकारच्या बाजूचे मेसेज. कंपनी म्हणाली, आणीबाणीच्या अधिकारात करायला लावलं, मजकूर आमचा नाही. अहो, पण घरोघरी पोचवला कोणी?

म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ ला लष्करानं सत्ता बळकावली. नॉर्वेच्या टेलेनॉर या मोबाईल कंपनीनं नेट बंद करायचे आलेले आदेश सुरुवातीला वेबसाईटवर टाकले, तेवढं श्रेय देतो. मग तेही थांबलं, आणि २०२२ मध्ये धंदा विकून मोकळे. कोणी कोणाला कधी फोन केला, त्या सगळ्या नोंदीही नव्या मालकाकडे. त्या मालकीत लष्कराशी लागेबांधे असल्याचा आरोप असलेली तिथली कंपनी! आपल्याकडे बैल विकतानाही माणूस घेणारा कोण ते पाहतो.

बंदूक समोर असल्यावर तिथला नोकरदार काय करणार, हे मान्य. त्याच्यावर राग नाहीच. राग आहे तो लंडन-ओस्लोत बसून नफा मोजणाऱ्यांवर. लायसन घेताना सरकार कसं आहे हे माहीत नव्हतं? वकील लावा, आदेश छापा. निदान बंद करायच्या आधी ग्राहकाला एक मेसेज टाका, की सरकारच्या आदेशावरून सेवा बंद होतेय. भाचीनं तेवढ्यात घरी एक फोन केला असता. ताईला कळलं असतं की नेटवर्क बंद आहे, पोरीला काही झालेलं नाही. एवढंही जमत नाही?

आणि हो, काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ ला गेलेलं ४जी परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडलं. लोकशाहीत. तेव्हाही आपण गप्पच होतो.

भाची आगरतळ्याच्या सीमेवरून सुखरूप आली. पहिली खबर दिली ती तिच्या मैत्रिणीच्या वडिलांनी. ज्यांची लेकरं बाहेर शिकतात त्यांनी होस्टेलचा, वकिलातीचा आणि सोबतच्या मुलांच्या घरचा नंबर आजच वहीत उतरवून ठेवा.