‘एसी केबिनमध्ये बसून लिहिणाऱ्यांनी…’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक जुना बागायतदार’ या नावाने लिहिणाऱ्या महोदयांस,

नमस्कार. द्राक्ष निर्यातीत संगणक नेमकं काय करतो, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही चार गोष्टी लिहिल्यात. व्यवस्थापनतज्ज्ञ पोर्टर यांच्या मूल्यसाखळीत, म्हणजे माल तयार करून ग्राहकापर्यंत नेणाऱ्या कृतींच्या मांडणीत, प्राथमिक कृती सहा नाहीत, पाच आहेत. ग्रेपनेट, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांचा बागेपर्यंत माग ठेवणारी संगणक प्रणाली, असूनही २०१० साली युरोपात माल अडकला. शेतकऱ्याच्या भावात त्याने रुपयाचीही भर पडली नाही. आणि शेवटी, ‘एसी केबिनमध्ये बसून लिहिणाऱ्यांनी एकदा पॅकहाऊसची पायरी चढावी.’

पहिलं मान्य. मायकेल पोर्टर यांनी १९८५ साली मांडलेल्या साखळीत माल आत येणं, त्यावरची प्रक्रिया, माल बाहेर जाणं, विक्री आणि विक्रीनंतरची सेवा, एवढ्या पाचच प्राथमिक कृती आहेत. खरेदी ही पूरक कृती. मी ती प्राथमिक कृतींत घातली. चूक माझी. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता केबिन. हे वाक्य मी चार वेळा वाचलं. दिंडोरी तालुक्यातल्या एका पॅकहाऊसमध्ये, म्हणजे द्राक्षं निवडून पेट्यांत भरतात तिथे, मी अकरा हंगाम काढले. पहिले तीन हंगाम आवक नोंदवायचं काम माझ्याकडे होतं. क्रेट उतरले की वजन, बागेचा मालक, गाडीची वेळ, सगळं लांबट रजिस्टरमध्ये बॉलपेनने. फेब्रुवारीत पहाटे हात गारठलेले असायचे, ओल्या क्रेटचं पाणी पानावर पडायचं आणि आकडे फुटायचे.

२००४ च्या हंगामात एका रात्री पाच बागांचा माल एकाच पाळीत पॅक झाला. अर्ध्या किलोचे पनेट (प्लास्टिकचे छोटे डबे), पेटीत ग्रेप गार्ड (बुरशी रोखणारा कागद), प्रीकूलिंग (माल झटपट थंड करणं), सगळं शिस्तीत. सकाळी प्रयोगशाळेचा फॅक्स आला : एका बागेच्या नमुन्यात औषधाचा अंश मर्यादेबाहेर. आदल्याच वर्षी युरोपात भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अंश सापडून सगळे पोळले होते, त्यामुळे धोका पत्करायला कोणी तयार नव्हतं. पण त्या बागेच्या पेट्या कोणत्या? रजिस्टरमध्ये आवक होती. पेटी कुठल्या क्रेटमधून भरली, ते कुठेच नव्हतं. दुपारपर्यंत आम्ही तिघे कोल्ड स्टोरेजमध्ये पॅलेट हलवत होतो. शेवटी सगळा माल स्थानिक बाजारात गेला. चार बागायतदारांचा माल स्वच्छ होता, साहेब. त्यांच्यातल्या एकाने कागदाचा तो फॅक्स माझ्या हातातून घेतला, दोनदा वाचला आणि विचारलं, ‘यात माझं नाव कुठंय?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. हे केबिनमध्ये घडलेलं नाही.

२००६ मध्ये अपेडाने, म्हणजे शेतमाल निर्यातीचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, ग्रेपनेट आणलं. कृषी खात्याकडे बागेची नोंदणी, बागेला क्रमांक, त्याच क्रमांकावर नमुन्याचा निकाल. निकाल नापास असेल तर त्या बागेचा माल निर्यातीसाठी पुढे सरकतच नाही. पॅकहाऊस, अ‍ॅगमार्क, फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगमुक्त असल्याचं) प्रमाणपत्र देणारे, सगळे तोच क्रमांक पाहतात. रॉटरडॅमला पॅलेटवरचा बारकोड वाचला की माग बागेपर्यंत येतो. संगणकाने द्राक्ष गोड होत नाही, हे तुम्ही मला शिकवायची गरज नाही. पण साखळीतल्या एका कडीला जे माहीत आहे ते पुढच्या कडीला वेळेत कळतं, आणि एकाच्या चुकीत चौघांचा माल बुडत नाही. माझा अख्खा लेख एवढंच सांगत होता. तो तुम्ही वाचलात की फक्त लेखकाचा फोटो पाहिलात?

२०१० बद्दल थोडक्यात. तेव्हा सापडलं ते क्लोरमेक्वाट क्लोराइड, वेलीची वाढ आवरणारं औषध, आपल्याकडे ज्याला सगळे लिहोसीन म्हणतात. ते तपासणीच्या यादीतच नव्हतं. यादीत जे नाही ते प्रयोगशाळा शोधत नाही आणि प्रणाली अडवत नाही. दोष यादीचा होता; नंतर ती सुधारली. याहून जास्त त्यात काही नाही.

भावाचं म्हणाल, तर ग्रेपनेटने भाव वाढतो असं मी लेखात कुठेही लिहिलेलं नाही. पुन्हा वाचा.

तुम्ही माझ्यापेक्षा वयाने मोठे असाल, बागही मोठी असेल. म्हणून कोणाच्या कष्टांवर एका ओळीत पाणी फिरवायचं? मतभेद असू द्या, मी रात्र जागून उत्तर देईन, आजही तेच करतो आहे. पण पुढच्या वेळी नाव आणि गाव लिहा. त्या चौघांपैकी एक पिंपळगावच्या बाजारात मला पाहून अजूनही वाट बदलतो, आणि तुमची ती ओळ वाचताना मला पहिल्यांदा त्यांचीच आठवण झाली.