"काका, तुमची तर चांदी झाली!"

गेल्या दोन महिन्यांत एकच मजकूर मला निदान सात जणांनी पाठवला. सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या ग्रुपवर आला, आणि भाच्याने वर ही शीर्षकातली ओळ जोडून पाठवला. मजकुराचं सार असं: नाणी जमवणारे झपाट्याने वाढताहेत. त्यामुळे जुन्या संग्राहकांच्या कपाटातल्या मालाला भाव आला, दुर्मीळ नाणी बाजारात येऊ लागली, माहिती फोनवर मिळू लागली, नकली माल ओळखणं सोपं झालं आणि मरू घातलेला छंद वाचला. तेव्हा जुन्या मंडळींनी नाकं न मुरडता नव्यांचे आभार मानावेत.

मी तीसेक वर्षं शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची जुनी नाणी, जमवतोय. आभार मानायला माझी हरकत नाही, फक्त कशाकशाचे ते आधी पाहू.

भाव वाढला, हे खरं. पण भाव वाढल्याचा आनंद विकणाऱ्याला होतो आणि मी विकत नाही. मी सुरुवात केली तेव्हा रविवारी जुन्या बाजारात गोणपाटावर तांब्याच्या पैशांचा ढीग ओतलेला असायचा. उकिडवं बसायचं, बोटं काळी करायची आणि पाच-दहा रुपयांना एक याप्रमाणे शिवराया निवडून घ्यायच्या. आज तोच विक्रेता शिवराई हातात देण्याआधी फोन काढतो आणि कुठल्याशा लिलावातली किंमत मला वाचून दाखवतो. ती नाणी कोरी करकरीत, याच्याकडची पार झिजलेली. पण किंमत तीच सांगायची. म्हणजे माझ्याकडच्या चारशे शिवरायांचं मोल वाढलं आणि चारशे एकावी परवडेनाशी झाली. फायदा झालाच तर माझ्या मुलाला होईल, तोही मी गेल्यावर.

व्हिक्टोरिया राणीच्या राणीछाप रुपयाची गोष्ट तर वेगळीच. तो ११.६६ ग्रॅमचा, त्यात सुमारे ९२ टक्के चांदी. किलोला लाख रुपये धरले तरी नुसत्या धातूचेच हजारावर होतात. ही वाढ सराफ कट्ट्यावरची आहे, छंदाची नव्हे.

आता "दुर्मीळ नाणी बाजारात येऊ लागली." आलं काय, तर वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं, ट्रॅक्टरची पाचची नोट आणि ७८६ आकड्याच्या नोटा. शिवछत्रपतींचं १९९९ सालचं दोन रुपयांचं नाणं काल-परवापर्यंत रिक्षावाला सुट्टे म्हणून देत होता, तेही आता 'रेअर' झालंय. हे सोडून देऊ.

खरोखर जुना माल येतो तेव्हा तो कसा येतो, ते मात्र बघायला हवं. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी क्षत्रप राजा नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. कोणी कोणाचा पराभव केला याचा इतका बोलका पुरावा मिळाला, कारण हंडा एकत्र अभ्यासकांपुढे आला. तोच आज सापडला तर? १८७८ च्या निखात निधी (पुरलेलं धन) कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचं घबाड सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. गिऱ्हाईक दारात उभं असताना कोण कळवणार? आठवडाभरात हंडा फुटतो आणि एकेक नाणं सुटं होऊन प्लॅस्टिकच्या पाकिटात जातं.

शिवराईच्या बाबतीत हे नुकसान जास्त झोंबतं. तिच्यावर एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', बस्स. टाकसाळीचं नाव नाही, साल नाही. शिवाय ही नाणी महाराजांच्या नंतरही दीर्घकाळ पाडली जात होती. कुठली कुठे पाडली हे कळायचं तर कोणत्या गावी, कोणत्या नाण्यांबरोबर सापडली याचाच आधार. मागणी वाढली की नेमका तो आधार आधी जातो, कारण विक्रेत्याला गाव सांगणं अडचणीचं असतं.

माहितीचं थोडक्यात सांगतो. फोनवर जे मिळतं त्यात "तुमच्या घरातलं हे नाणं लाखांना" हेच जास्त. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं की जुनी नाणी-नोटा विकून देतो म्हणून आमच्या नावाने शुल्क आणि कमिशन मागणारे भामटे आहेत, आमचा त्यांच्याशी संबंध नाही. आमच्या इमारतीतल्या एका आजोबांनी तरीही 'नोंदणी फी' भरलीच. त्यानंतर ते मला विचारायला आले. भरण्याआधी आले असते तर!

नकली मालाबद्दलचा दावा तर साफ उलटा आहे. रामदरबार किंवा हनुमान असलेलं, ईस्ट इंडिया कंपनी आणि १८१८ साल कोरलेलं पितळी 'नाणं' पुण्यात दर दुसऱ्या घरात निघतं. ते चलनात कधीच नव्हतं. खप आहे म्हणून ते बनतं. खोट्या शिवरायांचंही तेच. अस्सल शिवराई हाताने ठोकलेली. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे अक्षरं बहुधा कापली जातात. कुठे 'श्री' अर्धी, कुठे 'शिव' काठाबाहेर. नव्या गिऱ्हाइकाला मात्र सगळी अक्षरं स्वच्छ हवीत. मग ओतीव काम करणारे ती पुरवतात. मीही एकदा फसलो. पूर्ण अक्षरांची शिवराई मोठ्या हौसेने घेतली आणि पुढच्या रविवारी दुसऱ्या पथारीवर तीच दिसली: तोच टवका, त्याच जागी. हाताने ठोकलेली दोन नाणी अशी जुळी असूच शकत नाहीत. आता तज्ज्ञांनी अस्सल ठरवलेलं नाणं डबीत बंद करून मिळतं म्हणतात. मिळतं, पण साध्या शिवराईपेक्षा डबीच महाग पडते.

राहिला शेवटचा मुद्दा, छंद वाचल्याचा. इथे मला थोडं नमतं घ्यावं लागेल. गेल्या वर्षी एक मुलगी माझ्याकडे आली, नोकरी संगणकाची, वेड शिवराईचं. 'शिव', 'सिव', 'सीव'. ऱ्हस्व-दीर्घाचे सगळे घोळ तिने वजनांसकट नोंदवायला घेतले. माझ्या डब्यांमध्ये वर्षानुवर्षं एकत्र पडलेल्या नाण्यांचे तिने चार शनिवारांत गट पाडले आणि दोन गट तर मला कधी दिसलेच नव्हते. अशी माणसं वाढणार असतील तर त्या मजकुरातली एवढी एक ओळ मी मान्य करतो. भाव वाचून मात्र ती आली नव्हती.

काम संपत आल्यावर तिने वहीत नवा रकाना आखला आणि विचारलं, "काका, यातली कुठली कुठे सापडलेली?"

माझ्याकडे चारशेपैकी साडेतीनशेंचं एकच उत्तर होतं. जुना बाजार, रविवार.