नाडी लागली नाही म्हणजे बरगडी काढायची, असं नाही

सोलापुरात विडी कामगारांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘हात वर करून मान वळवा. मनगटाची नाडी लागली नाही, तर थोरॅसिक आउटलेट. ऑपरेशन करून पहिली बरगडी काढा.’

नाडी अशी मंदावणं धडधाकट माणसातही दिसतं. थोरॅसिक आउटलेट म्हणजे मान आणि खांद्यामधल्या जागेत नस किंवा रक्तवाहिनी दाबली जाण्याचा आजार. त्याच्या बहुतेक रुग्णांत त्रास रक्तवाहिनीचा नसतोच. मानेचे स्केलीन स्नायू आणि पहिली बरगडी यांच्या चिंचोळ्या जागेत हाताकडे जाणाऱ्या नसा दाबल्या जातात. एमआरआय, ईएमजी (नसा-स्नायूंची विद्युत तपासणी) नॉर्मल येऊनही हे असू शकतं. त्या तपासण्या मुख्यतः मानेतली गादी, मनगट, कोपर यांचा दोष शोधायला असतात.

मेसेज वाचून घाबरलेल्या एक मावशी परवा आल्या. वर्षानुवर्षं विड्या वळलेल्या. अंगठा आणि शेजारची दोन बोटं रात्री बधिर, हात झटकला की बरं. थोरॅसिक आउटलेट आहे का ते बघायला हात वर धरून तीन मिनिटं मुठी उघडझाप करायला लावल्या. खांद्याची, मानेची तक्रार नाही. मनगटावर टिचकी मारली आणि ‘आई गं!’ त्यांची नस मनगटात दाबलेली. बरगडी कशाला काढायची?

खरंच थोरॅसिक आउटलेट असलं, तरी आधी काही महिने नीट फिजिओथेरपी. शंका असेल तर स्केलीन स्नायूत भुलीचं इंजेक्शन देऊन बघतात. ऑपरेशन त्यानंतर, किंवा हाताचे स्नायू झिजू लागले तर.

मात्र हात अचानक सुजून निळा पडला, किंवा गार-पांढरा झाला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तिथे रक्ताची गुठळी असू शकते.