पुण्याला चालतं, मग सोलापूरलाच का नाही?

डीजेचा विषय निघाला की इथं हे वाक्य हमखास ऐकू येतं. परवा नात्यातल्या एका लग्नाची वरात होती. कार्यालय शहराला लागूनच, पण हद्दीच्या पलीकडे. साडेदहा वाजले तरी टेम्पोवरचे बेस थांबेनात, म्हणून डीजेवाल्याजवळ जाऊन म्हटलं, "दादा, दहा वाजून गेले की." तो हसला. "काका, ते कमिशनर साहेबांच्या हद्दीत. इथं ग्रामीण लागतं." एवढ्या ठामपणे बोलला की क्षणभर मलाच वाटलं, हद्द ओलांडली की कायदा बदलतो की काय!

नाही बदलत. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली केंद्रानं केले. सोलापूर, पुणे, कोल्हापूर, विजयपूर, हैदराबाद, सगळीकडे आकडे तेच. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती किमान १०० मीटरचं शांतता क्षेत्र सरकारला जाहीर करता येतं, तिथं ५० आणि ४०. सार्वजनिक जागी स्पीकर लावलाच, तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज भागाच्या मर्यादेपेक्षा १० नं जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल तेवढाच चालतो. म्हणजे वस्तीत दिवसा ६५. दोन माणसं जरा आवाज चढवून बोलली तरी एवढं होतं. हा आकडा पाळला तर डीजेला डीजे कोण म्हणेल? त्यामुळे "पुण्याला चालतं" या वाक्याला काही अर्थ नाही. तिथं नियम सैल नाही, फार तर तो कुणी लावत नसेल.

शहराशहरात फरक पडतो तो परवानगी कोण देतं, कारवाई कोण करतं आणि सवलतीचे दिवस कुठले यात. वर्षातले १५ दिवस रात्री दहाऐवजी बारापर्यंत स्पीकर लावायची मुभा देता येते आणि ती जिल्ह्याजिल्ह्यानं ठरते. पुण्याच्या यादीत आपली सिद्धेश्वर यात्रा कशाला असेल? पण एक गोष्ट मंडळं सोयीनं विसरतात: सवलत वेळेची असते, डेसिबलची नाही.

बाकी प्रत्येक शहराचं भांडण वेगळं. पुण्यात ते ढोल-ताशावरून झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये हरित लवादानं, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणानं, एका पथकात तीसच जण असावेत असं सांगितलं आणि दोन आठवड्यांत सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. हैदराबाद पोलिसांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये धार्मिक मिरवणुकांतला डीजेच बंद केला. आमच्या पूर्व भागातल्या निम्म्या घरांचे पाहुणे तिकडचे, त्यामुळे ती बातमी इथं त्याच दिवशी पोचली. कोल्हापूर-सांगलीकडे याला डॉल्बी म्हणतात. तिथं 'डॉल्बीमुक्त' मिरवणुकांचा मोठा गाजावाजा झाला, अधिकाऱ्यांनी मनावर घेतलं होतं. पुढं काही वर्षांत स्पीकरच्या भिंती परत उभ्या राहिल्या. म्हणूनच मला नुसती बंदी पटत नाही. साहेबाच्या जिवावर आलेली बंदी साहेबाच्या बदलीबरोबर जाते.

मला आवाज मोजणारा मीटर हवाय. आणि तोही नीट वापरलेला.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण यात खरी मेख आहे. मी अशोक चौकाच्या मागं वाढलो, दिवसरात्र मागांच्या खडखडाटात. वडिलांची सगळी हयात यंत्रमागावर गेली आणि कान तिथंच गेले. आता कानात मशीन असतं. मिरवणूक आली की ते मशीन काढून डबीत ठेवतात आणि तरी म्हणतात, "छातीत वाजतंय रे." त्यांचं बरोबर आहे. नियमातला डेसिबल कानाच्या संवेदनेप्रमाणे मोजतात, त्या मापनात खालचे सूर फार कमी धरले जातात. ५० हर्ट्झच्या धडधडीतले जवळजवळ ३० डेसिबल मीटर हिशोबातच घेत नाही. वर हे खालचे सूर भिंतीतून सहज आत येतात. त्यामुळे काचा थरथरतात, पाळण्यातलं पोर दचकतं, आणि मीटरवर त्या मानानं थोडंच दिसतं. बेसची मर्यादा वेगळी ठरवल्याशिवाय हा घोळ सुटणार नाही. माग निदान एका लयीत खडखडायचे, त्यात झोप तरी लागायची!

रात्री दहानंतर मात्र उघड्यावरच्या स्पीकरला मीटरचीही गरज नाही, घड्याळ पुरतं. सवलतीचा दिवस नसेल तर स्पीकर चालू आहे एवढीच तक्रार बास. ११२ ला फोन लावा. तक्रार करणाऱ्याची ओळख विचारू नका, हे मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना बजावलंय. गल्लीत राहून गल्लीतल्याच मंडळाविरुद्ध नाव देणं किती अवघड असतं, ते ज्यानं दिलंय त्याला विचारा.

आता माझंही सांगतो, म्हणजे कुणी कमेंटमध्ये उकरून काढायला नको. गेल्या गणपतीत आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या डीजेला मी पाचशे रुपये वर्गणी दिली. पावती आहे. यंदा पोरं आली तेव्हा म्हटलं, दुप्पट देतो, पण लेझीम काढा. सोलापूरची मिरवणूक म्हणजे लेझीम, माझ्या लहानपणी चाळीस-पन्नास जणांचा ताफा एका ठेक्यात वळायचा. अध्यक्ष पोरगा चांगला आहे, खरं बोलला, "काका, लेझीमला महिनाभर सराव लागतो. डीजेला फक्त ॲडव्हान्स लागतो."

मग ठरलं असं की सराव आमच्या कारखान्याच्या रिकाम्या शेडमध्ये, रोज संध्याकाळी सात ते नऊ. पहिल्या दिवशी अकरा जण आले. त्यातल्या तिघांना नीट पाय टाकता येतो.