'लाईट विंडोज टाका, एरर कायमची जाईल' – नाय जात, आणि का नाय जात ते सांगतो

गेल्या काही महिन्यांत एकच मेसेज मला सोलापूरच्या चार-पाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिसला, व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर, सोसायटीच्या, आमच्या शाळेच्या बॅचच्या पण. मेसेज थोडक्यात असा आहे: ओरिजनल विंडोजमधे निम्मा कचरा असतो, तो काढून बनवलेली 'लाईट एडिशन' टाका, जुना पीसी नव्यासारखा पळतो, अपडेट आणि अँटीव्हायरसची कटकट कायमची बंद, अ‍ॅक्टिव्हेशन आधीच केलेलं येतं, आणि काही एरर आलीच तर एसएफसी स्कॅननाऊ (विंडोजची स्वतःची दुरुस्तीची कमांड) चालवा, तरी नाही गेली तर त्याच पेनड्राईव्हनी परत फॉरमॅट मारा, इन्स्टॉल नीट झालं नसेल. खाली डाऊनलोडची लिंक.

यातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं आहे आणि मी हे चिडून नाही तर काळजीनं लिहितोय, कारण आमच्या घरातच याचा फटका बसलाय.

माझ्या मावसभावाचं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं छोटं युनिट आहे. ऑफिसात एकच पीसी, त्याच्यावर बिलं, जीएसटी आणि गठ्ठ्यांवर चिकटवायची बारकोड लेबलं. लेबल छापायचं सॉफ्टवेअर जुनं आहे, त्याला डॉट नेट ३.५ लागतं, म्हंजे जुनी सॉफ्टवेअरं चालायला लागणारा विंडोजचा एक भाग. कुणीतरी ही लाईट विंडोज टाकून दिली, पीसी फास्ट वाटला, सगळे खूष, आणि दुसऱ्या दिवशी लेबलचं सॉफ्टवेअर उघडलं तर म्हणतंय आधी डॉट नेट ३.५ चालू करा. चालू करायला गेलं की थोडं फिरतं आणि एरर, ०एक्स८००एफ०८१एफ. मेसेजमधे सांगितलंय तसं फॉरमॅट मारला, तीच एरर. परत मारला, परत तीच. तिसऱ्या वेळेनंतर रात्री दहाला त्याचा फोन, "दादा, माल पॅक करून पडलाय, उद्या गाडी लागतीय, लेबल काय निघंना, ये की जरा."

तर सगळ्यात आधी तेच घेतो, 'परत फॉरमॅट मारा'. ही एरर काय म्हणती हे कुणी वाचतच नाही. तिचा साधा अर्थ, मला जी फाईल बसवायची आहे ती मला दिलेल्या जागी सापडली नाही. बास, एवढंच. विंडोजमधे विनएसएक्सएस नावाचं एक फोल्डर असतं, ते म्हंजे विंडोजचं कोठार, सिस्टीमच्या फाईलींच्या मूळ प्रती तिथं असतात, दुरुस्ती तिथून होते, आणि दर महिन्याचं अपडेट पण तिथलं बघूनच बसतं. डॉट नेट ३.५ च्या फाईली मात्र त्या कोठारात पण आधीपासून नसतात, त्या मायक्रोसॉफ्टकडून नेटवरून येतात किंवा मूळ आयएसओच्या (विंडोज इन्स्टॉल करायची पूर्ण फाईल, जी पेनड्राईव्हवर भरतात) सोर्सेस फोल्डरमधे एसएक्सएस नावाचं फोल्डर असतं तिथून घ्याव्या लागतात. लाईट बनवणारा माणूस साईज कमी करायला नेमकं हेच फोल्डर उडवतो, कोठार पण छाटतो आणि वरनं अपडेटची सर्व्हिस बंद करतो. म्हंजे घरात माल नाही, बाहेरून आणायचा रस्ता बंद, मग ती फाईल येणार कुठून?

आपल्या सोलापूरकरांना हे जॅकार्डवरून लगेच कळेल. चादरीची नक्षी पंचकार्डाच्या माळेवर ठरते. त्या माळेतली चार कार्डं कुणी काढून टाकली तर प्रत्येक चादरीत त्याच जागी नक्षी तुटणार, तुम्ही सूत बदला, माग पुसा, नवी तार लावा, काही करा. पेनड्राईव्हमधली आयएसओ ही ती माळ आहे. तिच्यातच नाही ते पीसीत दहा वेळा फॉरमॅट मारून येणार नाही.

आणि यातूनच एक ओळखायची खूण मिळते जी त्या मेसेजमधे असायला पाहिजे होती. फॉरमॅटनंतर दर वेळी *तीच* एरर, त्याच जागी, आणि तोच पेनड्राईव्ह वापरलेल्या दुसऱ्या पीसीवर पण तीच, तर दोष आयएसओचा. दर वेळी *वेगळी* एरर, आज निळा स्क्रीन, उद्या इन्स्टॉल ६० टक्क्यावर अडकतं, परवा फाईल करप्ट, तर दोष बहुतेक रॅम, हार्ड डिस्क किंवा पेनड्राईव्हचा असतो. तेव्हा विंडोजचंच मेमरी डायग्नोस्टिक चालवा, डिस्कची स्मार्ट माहिती (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) बघा, पेनड्राईव्ह बदला. दोन्ही केसमधे त्याच पेनड्राईव्हनी परत फॉरमॅट मारणं हा उपाय नाहीच, फक्त डेटा जायची एक संधी जास्त.

आता 'एसएफसी स्कॅननाऊ चालवा'. ही कमांड चांगलीय, मी पण वापरतो, पण ती काय करते ते समजून घ्या. ती सिस्टीमच्या फाईली त्याच कोठाराशी ताडून बघते आणि बिघडलेली फाईल कोठारातल्या प्रतीवरून बदलते. कोठारच छाटलेलं असलं तर ती सांगते की करप्ट फाईली सापडल्या पण काही दुरुस्त करता आल्या नाहीत. आणि याहून वाईट म्हंजे कधी कधी ती म्हणते सगळं ओके आहे, कारण लाईट बनवताना तो भाग यादीतनं पण काढलेला असतो, जे यादीतच नाही ते हरवलंय हे तिला कळणार कसं? भावाच्या पीसीवर अगदी हेच झालं होतं, एसएफसी म्हणतंय काही गडबड नाही आणि लेबल काही निघत नाही, म्हणून तो बिचारा सॉफ्टवेअरवाल्याशी भांडत बसला. त्या माणसाची काय चूक होती?

'निम्मा कचरा असतो' याबद्दल. काही अ‍ॅप नकोशी असतात हे खरं आहे, गेम, जाहिराती, बातम्यांची पट्टी, ती काढा की, सेटिंगमधून अनइन्स्टॉल होतात आणि कोठाराला धक्का लागत नाही. पण लाईटवाले ज्याला कचरा म्हणतात त्यात काय काय जातं बघा. स्मार्ट कार्ड सर्व्हिस उडवतात, मग डिजिटल सहीचं यूएसबी टोकन दिसत नाही आणि ई-टेंडर भरणारा माणूस शेवटच्या तारखेला डोकं धरून बसतो. प्रिंट स्पूलर बंद करतात, म्हंजे प्रिंटरला काम पाठवणारी सर्व्हिस. भाषांची पॅकं आणि फॉन्ट काढतात, मग मराठीच्या जागी चौकोन, कीबोर्डमधे मराठीच नाही. बाहेरच्या देशात बसून गेमसाठी आयएसओ बनवणाऱ्याला देवनागरी कचराच वाटणार, आपल्याकडं ई-सेवा केंद्र चालवणाऱ्याचं पोट त्याच्यावर आहे.

स्पीडचं म्हणाल तर, लाईटनं थोडी रॅम मोकळी होते हे मी नाकारत नाही. पण पीसी पळतो असं जे वाटतं त्यातलं बरंचसं नुसत्या ताज्या फॉरमॅटचं असतं, ओरिजनल विंडोज ताजी टाकली तरी पहिले काही दिवस तसंच वाटतं. जुन्या पीसीच्या स्लो होण्याचं खरं कारण बहुतेक वेळा फिरती हार्ड डिस्क. ती सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचणार, साधी साटा एसएसडी पाचशेच्या आसपास, आणि बारीक बारीक हजारो फाईली वाचायच्या असल्या, विंडोज चालू होताना तेच होतं, तर फरक याच्या कितीतरी पट. दुसरं कारण आपल्या गावाचं खास आहे. कारखान्यात सुताचा बारीक फुफाटा सगळीकडं उडतो, तो पंख्यात आणि प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकमधे नमद्यासारखा बसतो, त्यात एप्रिल-मे मधे पारा चाळीसच्या वर. प्रोसेसर गरम झाला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो, आणि लई तापला तर पीसी सरळ बंद पडतो. भावाचा पीसी उघडला तेव्हा हीटसिंकवरून मी बोटभर जाडीची गादी काढली, अक्षरशः गादी. याच्यावर कुठली लाईट एडिशन काय करणार?

'अपडेट आणि अँटीव्हायरसची कटकट बंद' हे वाक्य मला सगळ्यात जास्त टोचतं. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या व्हायरसनं दीडशेच्या आसपास देशांतले दोन लाखांवर कॉम्प्युटर लॉक करून पैसे मागितले होते. ज्या भोकातनं तो घुसला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिलेलं, हल्ला १२ मे ला, मधे जवळपास दोन महिने. ज्यांनी ते अपडेट टाकलं होतं त्यांच्या पीसीत तो त्या भोकातनं घुसू शकला नाही. आणि त्या पीसीवर काय आहे हे तरी बघा, बँकेचा लॉगिन आहे, जीएसटीचा पासवर्ड आहे, कामगारांची आधार कार्डं स्कॅन करून ठेवलीत. त्यातही अपडेट पूर्ण बंद नसलं तर वेगळीच गंमत नाही, त्रास होतो, महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी रात्री नवं अपडेट येतं, ते छाटलेल्या कोठारावर बसायला जातं, भाग सापडत नाही, मग ०एक्स८००७३७१२ म्हंजे कोठार बिघडलंय, केलेले बदल मागे घेतो म्हणून अर्धा तास पीसी अडकतो आणि पुढच्या वेळी परत तेच. लोक म्हणतात मायक्रोसॉफ्टचं अपडेट खराब. अपडेट खराब नाही, त्याच्या पायाखालची फरशी काढलीय.

अ‍ॅक्टिव्हेशनबद्दल मात्र बऱ्याच जणांना खरंच माहीत नाही म्हणून सांगतो. विंडोज ८ पासून पुढं, विंडोजसकट विकलेल्या ब्रँडेड लॅपटॉप-पीसीत लायसनची की मदरबोर्डच्या फर्मवेअरमधेच भरलेली असते. मूळ आयएसओनं ताजी विंडोज टाकली की सेटअप ती की वाचतो, तीच एडिशन टाकतो आणि नेट लावलं की अ‍ॅक्टिव्हेट होतं, रुपया लागत नाही. आपल्याकडं विकलेल्या बऱ्याच मशीनला होम सिंगल लँग्वेज एडिशन असते आणि या लाईट आयएसओ असतात प्रो एडिशनच्या, दोन्ही जुळत नाहीत, मग अ‍ॅक्टिव्हेटर मारतात, म्हंजे लायसनशिवाय विंडोज अ‍ॅक्टिव्हेट दाखवणारा प्रोग्राम. म्हंजे हक्काचं, पैसे भरून घेतलेलं लायसन घरात असताना चोरासारखं कुलूप तोडायचं, ते पण अनोळखी माणसाच्या प्रोग्रामला अ‍ॅडमिनचा हक्क देऊन आणि अँटीव्हायरस आधीच काढून टाकून. मला हे बघवत नाही.

एक बाजू प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० (पीसीतली सुरक्षेची चिप) आणि साधारण आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर लागतो, म्हणून चांगले चालणारे पीसी अडकलेत आणि लोक असल्या लिंककडं वळतात, हे मला कळतं. विंडोज छाटायची टूलं पण सगळी वाईट नाहीत, एनटीलाईट आहे, टायनी११ ची स्क्रिप्ट कुणालाही वाचता येईल अशी उघडी आहे, मूळ आयएसओ तुम्ही स्वतः देता आणि काय काढायचं ते बघू शकता. पण त्याच टायनी११ ची 'कोअर' आवृत्ती बनवणारा स्वतःच सांगतो की तिच्यात नंतर अपडेट, भाषा किंवा फीचर टाकता येणार नाहीत, ती टेस्टिंगसाठी आहे. बनवणारा सांगतो आणि फॉरवर्ड करणारा ते गाळतो. ज्यांना नुसतं ब्राऊजर आणि व्हिडिओ पाहिजे त्यांनी जुन्या मशीनवर लिनक्स मिंट टाकून बघावं, टोकन किंवा बायोमेट्रिक मशीन असेल तर आधी त्यांच्या सपोर्टला विचारून.

ज्यांच्याकडं लाईट टाकून झालीय आणि एरर येतीय त्यांनी असं करा. आधी डेटा बाहेरच्या डिस्कवर, हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं डेटा फोल्डर विसरू नका, ते बऱ्याचदा डेस्कटॉपवर नसतं. मग मायक्रोसॉफ्टच्या साईटवरून आपल्याच व्हर्जनची आयएसओ घ्या. फक्त डॉट नेट अडलं असेल तर डिझमच्या (विंडोजचंच कमांडवर चालणारं दुरुस्तीचं टूल) एनेबल-फीचर कमांडला नेटएफएक्स३ हे नाव द्या, सोर्स म्हणून त्या आयएसओतलं सोर्सेसमधलं एसएक्सएस फोल्डर दाखवा आणि लिमिट-अ‍ॅक्सेस लावा म्हंजे ते नेटवर शोधत बसत नाही. कोठार थोडंच बिघडलं असेल तर डिझमचं रिस्टोअर-हेल्थ, ते पण आयएसओतली इन्स्टॉल.विम ही फाईल सोर्स म्हणून देऊन. त्यानं झालं नाही तर चालू विंडोजमधूनच आयएसओचं सेटअप चालवा आणि 'फाईली आणि अ‍ॅप ठेवा' निवडा. तो पर्याय फिका दिसत असेल तर एडिशन किंवा भाषा जुळत नाही, इंग्लिश आणि इंग्लिश इंटरनॅशनल या दोन वेगळ्या धरल्या जातात, इथं भरपूर लोक फसतात. सगळं फसलं तरच कोरी विंडोज, पण मूळ आयएसओनं.

भावाच्या पीसीवर पहिले तीनही उपाय फसले, प्रो आणि सिंगल लँग्वेजचा घोळ होताच. मग कोरी विंडोज ११ टाकली, लायसन आपोआप आलं, हार्ड डिस्कच्या जागी २५६ जीबीची एसएसडी, रॅम चारची आठ, हीटसिंक साफ करून नवी पेस्ट. डॉट नेट ३.५ पहिल्या झटक्यात चालू झालं. पहाटे अडीचला पहिलं लेबल निघालं, गाडी सकाळी वेळेत गेली. तो जुना पेनड्राईव्ह पुसून त्यात मूळ आयएसओ भरलीय, त्याला पांढरी चिकटपट्टी लावून वर तारीख टाकलीय आणि तो आता ऑफिसच्या ड्रॉवरमधे लेबलच्या रोलशेजारी असतो.