एव्हिताने पेरॉनला सोडवले नव्हते

आर्जेन्टिनाच्या एव्हा पेरॉनबद्दल, म्हणजे एव्हिताबद्दल, तीन गोष्टी वारंवार सांगितल्या जातात: ऑक्टोबर १९४५ मध्ये अटकेतल्या, पुढे तिचा नवरा आणि देशाचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या हुआन पेरॉनला तिने कामगार रस्त्यावर उतरवून सोडवले, धनिक स्त्रियांनी केलेल्या अपमानाचा सूड म्हणून त्यांची धर्मादाय संस्था मोडली आणि देशातील स्त्रियांना मताधिकार दिला. भक्त यात संतचरित्र वाचतात, तर विरोधक कारस्थानी बाई पाहतात; पण दोन्ही बाजूंना तपशील सोयीचे आहेत, म्हणून ते खरे ठरत नाहीत.

पहिली गोष्ट सर्वांत लाडकी आणि सर्वांत कच्ची आहे. १७ ऑक्टोबरला बेरिस्सोच्या मांस-कारखान्यांतले आणि आव्हेयानेदाचे कामगार राजधानीत शिरले, रियाचुएलो नदीवरचे पूल उचलले गेल्यावर काहींनी होड्यांतून पलीकडचा काठ गाठला, आणि या हालचालीमागे सिप्रियानो रेयेससारखे कामगार पुढारी होते. एव्हिता तेव्हा रेडिओवरची नटी होती, पेरॉनशी तिचे लग्नही व्हायचे होते, आणि कामगार संघटनांत तिच्या शब्दाला वजन नव्हते. तिने ब्रामुग्लिया या वकिलाला पेरॉनच्या सुटकेसाठी न्यायालयात अर्ज करण्याची गळ घातली, तीही त्याने मानली नाही. मार्तिन गार्सिया बेटावरून पेरॉनने १४ ऑक्टोबरला तिला पत्र लिहिले. त्यात उठावाचा मागमूसही नाही, सुटलो की लग्न करू आणि दूर कुठेतरी निवांत राहू, एवढीच त्याची इच्छा दिसते. पुरुषांच्या राजकारणाचे सूत्र घरातल्या बाईच्या हाती देण्याची ही रीत, आनंदीबाईंवर ‘ध चा मा’ लादणाऱ्या आपल्याला परकी वाटू नये.

सुडाच्या गोष्टीत मानापमानाचा भाग अगदीच काल्पनिक असेल असे नाही. परंतु १८२३ पासूनची ती संस्था बऱ्याच अंशी सरकारी पैशावर चालत होती, आणि १९४६ मध्ये सरकारने तिचा कारभार हाती घेतला तो आरोग्य व समाजकल्याण शासनाकडे आणण्याच्या धोरणानुसार. एव्हिताचे स्वतःचे प्रतिष्ठान १९४८ मध्ये निघाले.

मताधिकाराचे विधेयक कनिष्ठ सभागृहाने १९३२ मध्येच संमत केले होते. सिनेटने ते अडवले. १९४७ च्या कायद्यासाठी एव्हिताने जोर लावला हे खरे, पण अनेक वर्षे झगडलेल्या समाजवादी आणि स्त्रीवादी कार्यकर्त्यांची नावे त्या श्रेयातून गळतात.

तिचे संघटनकौशल्य खरोखर पाहायचे तर १९४९ नंतरचा काळ पाहावा. त्या वर्षी तिने पेरॉनवादी स्त्रियांचा स्वतंत्र पक्ष उभा केला, आणि नोव्हेंबर १९५१ च्या निवडणुकीत २३ स्त्रिया कनिष्ठ सभागृहात व ६ सिनेटमध्ये निवडून आल्या. या काळातली सत्ता चरित्रकारांनी मागे ढकलून १९४५ च्या एव्हिताला बहाल केली आहे.